पाठच्या वाऱ्याचं शीड

वारा पाठीमागून आला की शिडाची होडी सुसाट सुटते, अशी किनाऱ्यावर उभं राहून बघणाऱ्याची समजूत असते. छोट्या यॉटवर बसलं की अनुभव उलटा येतो. समजा, मागून 10 नॉट वारा आहे. नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, साधारण 1.85 किलोमीटर. होडी त्याच दिशेने 5 नॉटने चाललीय. मग शिडाला प्रत्यक्ष लागणारा वारा उरतो फक्त 5 नॉट. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने चढतो-उतरतो, म्हणजे वेग निम्मा झाला की दाब पाव होतो. होडीवरच्या माणसाला वाटतं, वारा पडलाच. अंगाला घामाच्या धारा लागतात, शीड लोंबतं, आणि प्रत्येक लाटेसरशी बूम, म्हणजे शिडाच्या तळाची आडवी काठी, इकडून तिकडे आपटत राहते. बरेच जण अशा वेळी कंटाळून इंजिन सुरू करतात आणि उरलेली वाट त्याच्या घरघरीत काढतात.

आता तीच होडी त्याच वाऱ्यात वळवून वाऱ्याच्या तोंडावर तिरकी घाला. होडीचा वेग वाऱ्यात मिळतो, शिडाला 14 नॉट वारा लागतो आणि दाब आधीच्या जवळजवळ आठपट होतो. हा आठपटीचा हिशेब मनात पक्का बसला की पाठच्या वाऱ्याचं शीड एवढं मोठं का, एवढं पातळ का, आणि ते चढवण्याआधी दोरांची एवढी उस्तवार का करायची, हे सगळं उलगडत जातं.

मी उमेळ्याची. वसई आणि नायगावच्या मधलं हे गाव, एका अंगाला मिठागरं आणि पलीकडे खाडी. तयार कपड्यांच्या कारखान्यात मी बरीच वर्षं मशीनवर काढली आणि आता घरी होड्यांची शिडं, ताडपत्र्या, गाद्यांची कव्हरं शिवते. माझा धाकटा भाऊ व्यापारी जहाजावर असतो. त्याची आणि त्याच्या मित्राची भागीतली एक 28 फुटी यॉट मांडव्याला असते. तो सुट्टीवर आला की आम्ही दोघं ती बाहेर काढतो. तेव्हा या शिडाशी माझा संबंध दुहेरी आहे. जे शीड मी मशीनखालून काढते, त्याचाच दोर नंतर माझ्या हातात असतो.

आपल्या किनाऱ्याला हे शीड फार उपयोगाचं आहे. पावसाळ्याआधी, मे महिन्यात, इथल्या यॉट पाण्याबाहेर काढतात आणि पाऊस सरला की परत उतरवतात. त्यानंतर नोव्हेंबरपासून पुढे कोकण किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक ठरल्यासारखं असतं. रात्री आणि पहाटे जमिनीकडून मतलई वारा, सकाळी उशिरा पडझड, आणि दुपारनंतर समुद्राकडून वायव्येचा वारा. मुंबईहून गोव्याला जाणारी होडी दक्षिणेला, जराशी आग्नेयेला झुकून चालते. म्हणजे दुपारचा चांगला वारा नेमका पाठीवर. मुंबई ते मुरगाव हे अंतर सुमारे सव्वादोनशे सागरी मैल आहे. मुरूड, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण असे टप्पे घेत जाणाऱ्या छोट्या यॉटच्या वाट्याला रोज दुपारी पाठचा वारा येतो. मार्च उजाडला की हाच वारा संध्याकाळपर्यंत चांगला जोर धरतो, तेव्हा मात्र शीड वेळेवर उतरवायची तयारी हवी.

आधी कापड बघू, कारण सगळं तिथून सुरू होतं. यॉटचं नेहमीचं मोठं शीड डेक्रॉनचं असतं. डेक्रॉन म्हणजे घट्ट विणलेलं पॉलिएस्टर. ते ताणलं तरी फारसं वाढत नाही, म्हणून वाऱ्याच्या तोंडावर जाताना आकार धरून राहतं. पाठच्या वाऱ्याचं शीड नायलॉनचं. दर चौरस मीटरला साधारण 30 ते 50 ग्रॅम, म्हणजे वर्तमानपत्राच्या कागदाएवढं. आमच्या यॉटचं असं शीड 50 चौरस मीटरच्या आसपास आहे. मोठं शीड आणि पुढचं शीड मिळून जेवढं भरतं त्याहून हे एकटं मोठं, आणि तरी पिशवीसकट एका हाताने उचलता येतं. नायलॉन ताणलं की थोडं वाढतं आणि परत येतं. होडी लाटेवरून घसरली, शीड एकदम रिकामं झालं आणि पुन्हा फटकन भरलं, तर तो हिसका कापड स्वतः पचवतं. पॉलिएस्टरने तो सगळा शिवणीवर आणि कोपऱ्यांच्या कड्यांवर टाकला असता.

कापड उजेडात धरलं तर त्यात बारीक चौकटी दिसतात. दर काही मिलिमीटरवर एक जाड धागा उभा, एक आडवा. फाटत आलेली चीर त्या जाड धाग्यापाशी अडते. याला रिपस्टॉप म्हणतात. पण शिवणीच्या भोकांच्या ओळीवर ही चौकट तुमचं रक्षण करत नाही, म्हणून शिवण सरळ टाक्याची चालत नाही. झिगझॅग टाका घालावा लागतो, म्हणजे कापड ताणलं की धागा त्याच्याबरोबर उघडतो आणि तुटत नाही. सुई बारीक घ्यायची. जाड सुईचं भोक नायलॉनमध्ये मोठं पडतं आणि तिथूनच चीर सुरू होते. दोन पट्टे एकमेकांवर घसरू नयेत म्हणून आधी दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची आणि मग मशीन चालवायचं. टाचण्या लावायच्या नाहीत, त्यांचीही भोकं पडतात.

शिडाला तीन कोपरे. वरचा हेड, पुढचा खालचा टॅक, मागचा खालचा क्लू. सगळा ओढा शेवटी या तीन ठिकाणी येतो, म्हणून तिथून कापडाचे पट्टे किरणांसारखे पसरत जातात आणि कोपऱ्यावर थरावर थर चढवलेले असतात. दुरुस्तीला आलेलं शीड मी सगळ्यात आधी या तीन कोपऱ्यांवर तपासते. 50 चौरस मीटर पसरायला आमच्या घरात जागा नाही, त्यामुळे गावातल्या एका सभागृहाची फरशी पुसून घेऊन तिथे ते अंथरावं लागतं.

असंच एकदा अंथरलं असताना नायगावच्या कोळीवाड्यातले एक तांडेल काका बघायला आले. ऐंशी ओलांडलेले. तरुणपणी त्यांनी शिडाचा मचवा हाकलाय. 1950 च्या दशकापासून आपल्या किनाऱ्यावरच्या मासेमारी होड्यांवर इंजिनं येऊ लागली, त्याआधीच्या पद्धतीचं शेवटचं शिक्षण घेतलेल्या पिढीतले ते. मचव्याचं शीड परबाणावर, म्हणजे तिरक्या लांब काठीवर बांधलेलं असे. पाठच्या वाऱ्यात दिशा बदलायची तर ते परबाण उभं करून डोलकाठीच्या पुढून पलीकडे न्यावं लागे. चार-पाच जणांचं काम, आणि वारा जोराचा असला तर जिवावरचं. काकांनी नायलॉन बोटांत चोळून पाहिलं. रंगाचं, किमतीचं काही विचारलं नाही. म्हणाले, “पोरी, हिची दामण हातातून सोडून दिली तर ती मोकळी पळते का? की कुठं अडकते?”

दामण म्हणजे शिडाच्या मागच्या कोपऱ्याचा दोर. यॉटवर आम्ही त्याला शीट म्हणतो.

मी म्हटलं, “पळते, काका. टोकाला गाठ मारलेली नाही.”

“मग ठीक हाय,” म्हणाले, आणि खुर्चीत बसले.

हे शीड लावायला शिकणाऱ्या प्रत्येकाने तांडेल काकांच्या या प्रश्नापासून सुरुवात करावी, असं मला मनापासून वाटतं. पुस्तकं चढवण्यापासून सुरू होतात. छायाचित्रंही फुललेल्या रंगीत शिडाची असतात. पण 50 चौरस मीटर कापड दोन माणसांना खाली कसं आणता येईल हे आधी ठरवलं, की दोर कुठून कसा न्यायचा, कुठली कप्पी कुठे बसवायची, हे सगळं आपोआप ठरत जातं.

पाठच्या वाऱ्याच्या शिडांचे दोन मुख्य प्रकार. एक जुना, गोल पोटाचा, दोन्ही बाजू सारख्या असलेला स्पिनाकर. त्याचा एक कोपरा लांब पोलने बाहेर धरावा लागतो, आणि तो पोल सांभाळायला माणसं लागतात. शर्यतीच्या होड्यांवर ती असतात. दुसरा जेनेकर, ज्याची पुढची बाजू लांब आणि मागची आखूड असते. याचा पुढचा कोपरा होडीच्या नाळेपाशीच, म्हणजे पुढच्या टोकाशीच, राहतो, पोल लागत नाही. दोघांनी चालवायच्या प्रवासी यॉटला हाच सोयीचा, आणि पुढचं सगळं वर्णन याचंच आहे.

सुरुवात डोलकाठीच्या टोकापासून. हॅलयार्ड म्हणजे शीड वर ओढायचा दोर. त्याची कप्पी काठीच्या अगदी पुढच्या अंगाला, नाळेकडे जाणाऱ्या तारेच्या वर, आणि चहूकडे फिरणारी हवी. शीड कधी डावीकडे तर कधी उजवीकडे ओढतं. कप्पी फिरणारी नसेल तर दोर तिच्या कडेवर घासत राहतो आणि काही तासांत वरचं आवरण सोलून निघतं. बऱ्याच जुन्या यॉटवर अशी कप्पी नसतेच. फक्त पुढच्या शिडाचा हॅलयार्ड असतो आणि तो तारेच्या खालून येतो. त्यावर जेनेकर चढवला तर तो त्या तारेत गुंतणार हे ठरलेलं. म्हणून काठीच्या टोकावर पोलादी कमान बसवून तिच्यात कप्पी अडकवतात. हे काम होडी पाण्याबाहेर आणि काठी खाली असताना, म्हणजे पावसाळ्यातच करून घ्यावं.

मग नाळ. इथे आपल्या होड्यांवर नांगर टांगलेला असतो, आणि नांगराचं टोक या कापडाचा पहिला शत्रू. टॅकची कप्पी नांगराच्या पुढे यायला हवी. त्यासाठी दीड-दोन फूट पुढे निघणारी नळी बसवली तर उत्तम. तेवढं करायचं नसेल तर नांगर काढून खाली ठेवायचा, आणि नांगराच्या रोलरच्या कडांवर जाड कापड गुंडाळायचं. टॅकचा दोर त्या कप्पीतून, नाळेच्या कठड्याच्या बाहेरून, मागे कॉकपिटपर्यंत आणायचा. तो नाळेवरच बांधून टाकण्याचा मोह होतो, कारण काम वाचतं. पण हाच दोर सोडून शीड एका क्षणात शांत करता येतं, आणि तेव्हा नाळेवर जायला वेळ नसतो.

शीटचे दोन दोर, दोन्ही क्लूच्या कड्याला बोलाइन गाठीने. आमच्या होडीवर शॅकल, म्हणजे लोखंडी कडी, वापरत नाही. शीड फडफडलं की लोखंड डोक्याच्या उंचीवर हातोड्यासारखं फिरतं. प्रत्येक शीट होडीच्या लांबीच्या दुप्पट. ती सगळ्याच्या बाहेरून जायला हवी, म्हणजे काठीच्या आधाराच्या तारांच्या बाहेरून आणि कठड्याच्या बाहेरून, थेट होडीच्या मागच्या टोकाजवळच्या कप्पीपर्यंत, आणि तिथून वळून विंचवर, म्हणजे दोर आवळायच्या चाकावर. एखादी शीट चुकून कठड्याच्या आतून गेली, तर शीड भरताच ती कठडा वाकवते. म्हणून दोर लावून झाल्यावर मी एका बाजूने नाळेपर्यंत आणि दुसऱ्या बाजूने परत, दोर हातात सरकवत चालत जाते. नुसतं डोळ्यांनी बघितलं की हमखास काहीतरी सुटतं. ज्या बाजूची शीट वापरात नसेल, ती नाळेच्या पुढून, शिडाच्याही पुढून फिरवून पलीकडे नेतात. ती ढिली पडून नाळेखाली गेली तर होडी तिच्यावरून चालत जाते आणि दोर इंजिनच्या पंख्याकडे ओढला जातो. टॅकजवळ पुढे काढलेली एखादी हातभर फायबरची काडी तिला वर धरून ठेवायला पुरते. आणि शीटच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायची नाही. पुढच्या नेहमीच्या शिडाला आपण मारतो. इथे नाही.

शेवटी सॉक. हा हलक्या कापडाचा लांब मोजा, ज्यात सगळं शीड वरपासून खालपर्यंत भरलेलं असतं. खालच्या तोंडाशी फायबरचं घंटेसारखं कडं, आणि ते वर-खाली करायला एक दोर, जो वरच्या कप्पीतून फिरून परत खाली येतो. सॉक नव्हता तेव्हा शीड लांबोळी गुंडाळून ठिकठिकाणी विणायच्या लोकरीने बांधत. वर चढवून शीट ओढली की वाऱ्याच्या दाबाने लोकर तुटत जाई आणि शीड खालून वर उघडत जाई. मोठी सुंदर युक्ती, पण ती फक्त उघडते, परत मिटत नाही. सॉक मिटतोही. दोघांच्या होडीवर हे एवढं महत्त्वाचं आहे की शिडावर दोन पैसे कमी घालावेत पण सॉक चांगला घ्यावा. त्याचा दोर सॉकच्या बाजूच्या वेगळ्या खिशातून जाणारा हवा. शिडाच्या कापडाला घासत जाणारा दोर नेमका घाईच्या वेळी अडतो.

शीड सॉकमध्ये भरताना दोन्ही उभ्या कडा हाताने शेवटपर्यंत चाचपत जायच्या. चांगल्या शिडाला पुढच्या आणि मागच्या कडेची पट्टी वेगवेगळ्या रंगाची शिवलेली असते, ती यासाठीच. मध्ये एक पीळ राहिला तर वर गेल्यावर शीड कमरेत आवळल्यासारखं उघडतं आणि मग ते सोडवणं कर्मकठीण.

चढवायचं काम त्या मानाने सोपं आहे. मोठं शीड बाहेर सोडून होडी जवळजवळ वाऱ्याच्या दिशेने वळवायची, म्हणजे मोठ्या शिडाच्या आडोशाला पुढे वारा शांत मिळतो. बूम अचानक दुसरीकडे फेकली जाऊ नये म्हणून तिच्या टोकाला दोर बांधून तो पुढे ताणून ठेवायचा. डोक्यावर आदळलेली बूम माणूस मारू शकते. यात आळस करायचा नाही. मग सॉकमधलं शीड लांब सुरळीसारखं वर ओढायचं. ते वर लटकलं, सगळे दोर पुन्हा एकदा बघितले, की भाऊ नाळेवरून विचारतो, “ताई, शीट धरलीस?” मी “धरली” म्हटल्यावरच तो सॉक वर ओढतो. कापड खालून सुटत जातं, भरतं, आणि होडी पाठीवर हात पडावा तशी पुढे सरते. आवाज एकदम कमी होतो. बूमचं आपटणं थांबतं. 8 नॉट वाऱ्यात जिथे 3 नॉटने रखडत होतो तिथे साडेचार-पाच मिळू लागतात.

त्यानंतर नजर फक्त शिडाच्या पुढच्या कडेवर. शीट हळूहळू सोडत जायची, कड आत दुमडू लागली की किंचित ओढायची. कड जरा थरथरत असावी, हेच बरोबर. शीट आवळून बांधून ठेवली तर शीड छान भरलेलं दिसतं, पण ते होडीला पुढे न नेता आडवं ढकलत असतं. वारा अधिक मागे गेला तर टॅकचा दोर फूट-दीड फूट सोडायचा, म्हणजे शीड वर उचललं जातं आणि मोठ्या शिडाच्या सावलीतून बाहेर येतं. वारा बरोब्बर मागून आला तर मात्र जेनेकर लोंबतो. अशा वेळी सरळ न जाता 30 अंश तिरकं, नागमोडी जावं. वाट साधारण 15 टक्क्यांनी वाढते. पण तिरकं गेल्याने शिडाला लागणारा वारा वाढतो, वेग त्याहून जास्त वाढतो, आणि होडीचं गदगदणं कमी होतं. बाजू बदलताना आम्ही दोघंच असलो तर सॉक खाली ओढतो, मोठं शीड पलीकडे घेतो, आणि दुसऱ्या बाजूला सॉक पुन्हा वर. शर्यतवाले हे सॉक न लावता करतात. आम्हाला घाई नसते.

आता उतरवणं. कधी उतरवायचं हे आकड्यानेच ठरवावं. आमच्या होडीवर शिडाला लागणारा वारा 12 नॉट झाला की शीड खाली, मग दुपार कितीही छान असो. वाऱ्याचं यंत्र नसेल तर पाण्याकडे बघा. लाटांच्या माथ्यावर पांढरा फेस जागोजागी दिसू लागला की वेळ झाली. पाठचा वारा वाढतो तो कळत नाही, यात खरी मेख आहे. होडी वेगाने पळत असते, त्यामुळे अंगाला लागणारा वारा कमी वाटतो. अशा वेळी एखाद्या लाटेने मागचा भाग ढकलून होडी आडवी फिरवली, की सुरुवातीचा तो आठपटीचा हिशेब एका क्षणात वसूल होतो. होडी कुशीवर पडते, सुकाणू पाण्याबाहेर येतं आणि वळवायला काही उरत नाही. तेव्हा शीट सोडायची. पूर्ण. ती मोकळी पळाली तर शीड झेंड्यासारखं फडफडतं आणि होडी पुन्हा उभी राहते. गाठ नको म्हटलं ते या क्षणासाठी.

नेहमीच्या उतरवण्यात पुन्हा होडी वाऱ्याच्या दिशेने वळवून शीड मोठ्या शिडाच्या आडोशाला घ्यायचं. शीट सोडायची आणि सॉक खाली ओढायचा. सॉक अडला किंवा ओढवेना, तर टॅकचा दोर सोडायचा. मग शीड हेड आणि क्लू या दोनच कोपऱ्यांवर लटकतं, त्यातला वारा निघून जातो, आणि मोठ्या शिडाच्या मागे हाताला लागतं. हॅलयार्ड शेवटी. तो आधी सोडला तर सगळं कापड पाण्यात पडतं, पाणी भरतं, आणि होडीमागे ओढल्या जाणाऱ्या जाळ्यासारखं ते काहीच वर घेऊ देत नाही. शीड खाली आल्यावर इंजिन सुरू करण्याआधी दोन्ही बाजूंना वाकून दोर पाण्यात नाही ना ते बघायचं.

आपल्या समुद्रात आणखी एक गोष्ट आहे जी परदेशी पुस्तकांत मिळत नाही. डोल जाळी. अर्नाळा, वसई, उत्तनपासून पुढे समुद्राच्या तळात खुंट रोवून किंवा नांगरून ही पिशवीसारखी जाळी भरती-ओहोटीच्या ओढीत लावलेली असतात. बोंबील आणि जवळा त्यातच मिळतो. वर खूण म्हणून पिंपं, थर्माकोल, काळं निशाण. जेनेकर उघडला की नाळेपुढचा समुद्र जवळजवळ अर्धा झाकला जातो, आणि नेमक्या त्या अर्ध्यात कुणाचंतरी जाळं असतं. त्या जाळ्यात एका घराची कमाई लावलेली आहे. म्हणून आमच्या होडीवर हे शीड वर असताना एक माणूस नाळेवर बसूनच असतो, आणि सूर्य मावळण्याआधी शीड खाली येतं. रात्री वारा कितीही गोड असला तरी कोकण किनाऱ्याजवळ जेनेकर लावू नये, हे माझं ठाम मत आहे. खोल समुद्रात, जाळ्यांच्या पलीकडे, गोष्ट वेगळी.

खोल समुद्राचं म्हणाल, तर पाठच्या वाऱ्याचा या देशातला सगळ्यात मोठा अनुभव आपल्याच किनाऱ्यावरून निघालेल्या होड्यांकडे आहे. सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी जून 1968 ते एप्रिल 1969 या काळात, 312 दिवसांत, एकट्याने आणि न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असं करणारे ते पहिले, आणि त्यांची 32 फुटी सुहैली मुंबईत सागवानात बांधलेली होती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या अॅक्वेरियस शिपयार्डने म्हादेई बांधली. ती फेब्रुवारी 2009 मध्ये नौदलात दाखल झाली. त्याच वर्षी 19 ऑगस्टला कमांडर दिलीप दोंदे तिच्यातून मुंबईहून एकटे निघाले आणि फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाऊन असे चार थांबे घेऊन मे 2010 मध्ये परतले. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मग त्याच म्हादेईतून अभिलाष टॉमी यांनी 2012-13 मध्ये न थांबता फेरी पूर्ण केली. दांडेकरांच्याच यार्डात बांधलेल्या तारिणीतून सहा महिला अधिकारी सप्टेंबर 2017 ते मे 2018 मध्ये जग फिरून आल्या.

या फेऱ्यांचा दक्षिणेकडचा मोठा भाग पश्चिमेच्या वाऱ्यांच्या पट्ट्यातून, म्हणजे पाठच्या वाऱ्यातून जातो. पण तिथला पाठचा वारा कधीकधी 40-50 नॉटचा असतो, आणि त्यात माझ्यासारखीच्या हातचं नायलॉन उभं राहू शकत नाही. तिथे शिडं कमी करत नेतात आणि पुढचं छोटं, जाड शीड तेवढं ठेवतात. अभिलाष टॉमींची थुरिया, म्हणजे सुहैलीची गोव्यात बांधलेली प्रतिकृती, सप्टेंबर 2018 मध्ये गोल्डन ग्लोब या एकट्याने करायच्या जगफेरीच्या शर्यतीत, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात उलटून डोलकाठी गमावून बसली. स्वतः त्यांच्या पाठीला जबर इजा झाली. ते बरे झाले, पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले. ज्यांनी हलकं शीड कधी हातात धरलेलं नाही त्यांनाही या माणसाचा अभिमान वाटावा. व्यापारी वाऱ्यांच्या पट्ट्यात, जिथे महिनाभर वारा एकसारखा मागून येतो, तिथे एकटे प्रवासी बहुधा जेनेकरही लावत नाहीत. दोन पुढची शिडं, दोन पोल, एक डावीकडे एक उजवीकडे. दिसायला ओबडधोबड, पण रात्री झोपून उठता येतं. विषुववृत्ताजवळच्या पडलेल्या वाऱ्यात मात्र नायलॉनशिवाय गत्यंतर नाही.

आमची होडी गोव्यापर्यंतची. तिच्यासाठी पावसाळ्याआधीचं काम ठरलेलं असतं. शीड घरी येतं. गोड्या पाण्यात बुडवून खार काढायचा, कारण मिठाचे कण कापडाला कोरतात आणि दमट हवेत पाणी धरून ठेवतात. सावलीत वाळवायचं. ऊन नायलॉनला समुद्रापेक्षा जास्त खातं. कापडाचा रंग उडालेला दिसला की तिथली ताकदही गेली असं समजायचं. मग सभागृहाची फरशी, तीन कोपरे, सॉकच्या कड्याभोवतीची शिवण, हेडच्या कड्याचा पट्टा. बारीक भोकांना दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी पुरते, बोटाहून लांब चिरेला ठिगळ. ठिगळाचे कोपरे गोल कापायचे, टोकदार कोपरा आधी सुटतो. शेवटी कडा चाचपत शीड सॉकमध्ये भरायचं, हेड, टॅक आणि क्लू ही तिन्ही टोकं पिशवीच्या तोंडाशी बाहेर काढून दोरी आवळायची, आणि कुठे ठिगळ लावलं ते पिशवीवर मार्करने लिहायचं, म्हणजे ऑक्टोबरात भाऊ पिशवी उघडेल तेव्हा आधी तिथेच बघेल.